खणाचं जॅकेट, एकोणीस कंगोरे, पाच काजं : कामाच्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

पाडवा ३० तारखेला. नात सात वर्षांची. फ्रॉकवर घालायला तिला खणाचं बिनबाह्यांचं जॅकेट शिवायचं, खाली कंगोऱ्यांची, म्हणजे अर्धगोलांच्या ओळीची, कड आणि पुढे पाच बटणं. ही म्हणाली, "अहो, साधी पिशवी शिवताना दोन सुया मोडल्यात तुम्ही." मोडल्या होत्या. पण त्यानंतर चार पिशव्या, सहा अभ्रे आणि दोन पायजमे झालेत. कंगोरे आणि काजं मात्र आयुष्यात पहिल्यांदाच. बत्तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये, साचे आणि हत्यारं बनवण्यात, काढली, त्यामुळे मापं घेण्याचा मला माज आहे. तो या नोंदींत उतरलेला दिसेलच.

घरात दोन मशीन. हिचं काळं पायमशीन फक्त सरळ टीप मारतं. लेकीने दिलेलं विजेवरचं मशीन झिगझॅग करतं, चार पायऱ्यांचं काज करतं आणि दहा-बारा नक्षीचे टाकेही घालतं. त्यातले नऊ कुणी कधी वापरले नसतील.

रविवार पेठेत कापडगंजातून खण एक मीटर, २२० रुपये. अस्तराला पांढरं कॉटन, ९०. घुमटाकार, मागे कडी असलेली २४ लाईनची (म्हणजे साधारण १५ मिमी व्यासाची) सहा बटणं, ६० रुपये (एक जास्तीचं). हिच्या ट्रंकेत आईने दिलेला, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा जुना खण आहे. त्याला हात लावायचा नाही, हे बोलणं सुरू व्हायच्या आधीच ठरलं होतं.

मापं : छाती ६० सेंमी, तयार घेर ७२, लांबी ४०. संध्याकाळी कापून मोकळा झालो.

३ मार्च

सकाळी तुकडे उचलले तर कडेचे धागे टेबलावर पसरलेले. रात्रीतून कुणी हातही लावला नव्हता, तरी कड चार-पाच मिलिमीटर मोकळी. उजवा पुढचा भाग तर मी दोनदा उचलून दिव्याखाली धरला होता, त्याची बगलेची गोलाई गेलीच. या खणात उभे धागे एका जातीचे, आडवे दुसऱ्या जातीचे आणि गुळगुळीत. एकमेकांना धरून ठेवायची दोघांचीही इच्छा नाही.

हिने कालच सांगितलं होतं, आधी पेस्टिंग (कापडाला मागून आधार देणारा थर) चिकटव, मग काप. ऐकलं नाही. आज इस्त्रीने चिकटणारं पातळ पेस्टिंग आणलं, ७० रुपये. उरलेल्या कापडाला आधी मागून पेस्टिंग, वर सुती फडकं टाकून इस्त्री, पूर्ण गार होऊ दिलं आणि मगच उजवा भाग पुन्हा कापला. बाकीच्या तुकड्यांनाही तसंच. कापड आता एवढंच. तिसऱ्यांदा चुकायला जागा नाही.

इस्त्री दाबून उचलायची, सरकवायची नाही. एका तुकड्यावर सरकवली, तिथे पेस्टिंगला सुरकुती पडली आणि ती खणाच्या उजव्या बाजूने दिसते. तो भाग पाठीत, अस्तराकडे वळवून घेतला.

५ मार्च

कंगोऱ्यांचा पहिला मार्ग : मशीनमध्ये कंगोऱ्यांचा नक्षीटाका आहेच. खण एकेरी ठेवायचा, खाली कागद, वरून भरीव टाक्याची (गच्च झिगझॅगची) कंगोरेदार रेघ, आणि मग टाक्याला लागून बाहेरचं कापड कापून टाकायचं. यूट्यूबवरच्या बाई चार मिनिटांत करतात.

माझी पट्टी १५ सेंमीची. टाका पडला, छान दिसला. कात्रीने कापलं. नंतर कड बोटाने जरा ओढली तर सगळी नक्षी मोज्यासारखी कापडावरून निघून हातात आली. टाक्याने धरलेले दीड-दोन मिलिमीटरचे धागे आडवे होते, ते जागेवरून सरकले आणि टाका बाहेर. ज्या जागी रेघ तिरपी जात होती तिथे मात्र टिकला. म्हणजे घट्ट विणीच्या कॉटनवर हा मार्ग चालेल, खणावर नाही. तासभर गेला, पण तुकड्यावर गेला, कपड्यावर नाही.

दुसरा मार्ग : अस्तर आणि खण उजव्या बाजू आत ठेवून कंगोऱ्यांच्या रेघेवर शिवायचं, कापून उलटायचं. ही म्हणाली, "पूर्वी आम्ही असंच करायचो." मग आधी का नाही सांगितलंस, असं विचारायची सोय नव्हती.

८ मार्च, शनिवार

कंगोरे आखायला दहा रुपयांचं नाणं घेतलं. २७ मिमी व्यास, अर्धी वर्तुळं ओळीने. शिवलं, उलटलं, आणि दोन कंगोऱ्यांमधली खाच अशी चुरगळली की इस्त्रीनेही सरळ होईना. अर्ध्या वर्तुळाच्या दोन कडा खाचेत जवळजवळ समांतर येऊन भेटतात. तिथे शिवणीचं कापड मावायला जागाच राहत नाही.

उथळ कंगोरा हवा. हिच्या सव्वादोनच्या बांगडीचा आतला व्यास ५७ मिमी. त्या वर्तुळाचा फक्त ४० मिमी रुंदीचा तुकडा घेतला तर खोली ८ मिमी येते. पुठ्ठ्याचा साचा केला. नमुना शिवून उलटला तर खाच मोकळी, कंगोरा गोल. बांगडी परत केली.

१३ मार्च, होळी

मध्ये चार दिवस काही नाही. आज पुरणपोळीच्या वासात बसून गणित केलं, कारण काल रात्री एक घोळ सापडला. मी घेर ७२ भागिले ४ म्हणजे १८ कंगोरे असं धरलं होतं. पाठीला ९, पुढच्या दोन्ही भागांना साडेचार-साडेचार. पण पुढे एक भाग दुसऱ्यावर चढतो! बटणपट्टीसाठी मध्याच्या पुढे दीड सेंमी ठेवलं होतं, ते हिशोबात धरलंच नव्हतं. तसंच शिवलं असतं तर वरच्या भागाचा कंगोरा एकीकडे, खालच्याचा दुसरीकडे, आणि खालचा वरच्याच्या खाचेतून डोकावत बसला असता.

तोडगा : मध्यरेषेवर एक अख्खा कंगोरा येऊ द्यायचा, अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे, दोन्ही भागांवर तसाच. बटण लावलं की दोन कंगोरे बरोबर एकावर एक. त्यासाठी पट्टी दीडऐवजी दोन सेंमी हवी. मग पुढचा प्रत्येक भाग १८ अधिक २ म्हणजे २० सेंमी, त्यात ५ कंगोरे. पाठ ३६, त्यात ९. एकूण १९, बंद केल्यावर दिसणार १८. शिवणीसाठी दीड सेंमी ठेवलं होतं, त्यातला अर्धा सेंमी इथे वापरला. बटण १५ मिमीचं, म्हणून दोन सेंमीची पट्टी दिसायलाही बरी.

हिशोब जुळल्याच्या आनंदात चार पोळ्या खाल्ल्या आणि मशीनला हात लावला नाही.

१५ मार्च

कंगोरे शिवले. सुई ११ नंबर. १४ ची सुई खणात भोकं ठेवते आणि पेस्टिंगमुळे ती बुजत नाहीत. टाक्याची लांबी दीड मिमी. प्रत्येक खाचेत सुई खाली ठेवून फूट (मशीनचा कापड दाबून धरणारा पाय) उचलायचा, एक टाका सपाट आडवा घ्यायचा, मग वळायचं. एकदम टोक काढलं तर उलटल्यावर तिथे चुणी येते. पहिल्या तीन खाचांत हे विसरलो. उसवल्या.

नंतर शिवणीबाहेर ४ मिमी ठेवून कापलं, गोलाईवर छोट्या त्रिकोणी खाचा आणि कंगोऱ्यांच्या मधे टाक्याच्या एक धागा अलीकडेपर्यंत कातर. सातव्या ठिकाणी कातर टाक्याच्या पलीकडे गेली. तिथे मागून पेस्टिंगचा नखाएवढा तुकडा चिकटवून पुन्हा शिवलं. आत्ता दिसत नाही. टिकेल का ते धुतल्यावर कळेल.

उलटायला क्रोशाच्या सुईची बोथट बाजू वापरली. एकोणीस कंगोरे, कातरण्यासकट तीन तास दहा मिनिटं.

१६ मार्च

कडेवर नक्षी म्हणून बारीक झिगझॅग, रुंदी अडीच, लांबी अर्धा मिमी, रंग मोरपंखी. सुई उजवीकडे गेली की कापडाच्या अगदी बाहेर पडायला हवी, म्हणजे टाका कडेला गुंडाळतो.

दोन चुका झाल्या. बॉबिनमध्ये (खालच्या दोऱ्याच्या रिळात) अस्तराला जुळणारा पांढरा दोरा होता, तो कडेवर ठिपक्या-ठिपक्यांनी वर दिसायला लागला. वरच्या दोऱ्याचं टेन्शन ४ वरून ३ केलं आणि बॉबिनमध्येही मोरपंखीच भरला. एवढ्यानेच गेलं. दुसरी चूक माझ्या कंजुषीची. कड आत ओढली जाऊ नये म्हणून खाली कागदाची पट्टी हवी होती, ती मी वर्तमानपत्राची घातली. शाई पांढऱ्या अस्तरावर उतरली. राशिभविष्याचा रकाना होता, उलट्या अक्षरांत. साबणाने निम्मी गेली. पुढच्या पट्ट्या बटर पेपरच्या. तो फाडून काढायलाही सोपा.

कंगोरा शिवताना कापड हाताने फिरवायचं, ओढायचं नाही, आणि मशीन हळू. पॅडलवर पाय पूर्ण ठेवला की गोलाईचा षट्कोन होतो.

१९ मार्च, रंगपंचमी

काजं. आता खरं काम.

काजाची लांबी बटणाच्या व्यासात ३ मिमी मिळवून काढायची, असं वाचलं होतं. व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) व्यास १५.१ मिमी, म्हणून १८ मिमीचं काज. बटण अडकलं. ते सूत्र चपट्या बटणाचं, माझं बटण घुमटाचं. मग कागदाची बारीक पट्टी बटणाच्या सगळ्यात फुगीर भागावरून गुंडाळली, उलगडली, ४१ मिमी भरली. निम्मी साडेवीस. २१ मिमीचं काज केलं, बटण सरळ गेलं. व्हर्नियर कपाटात ठेवलं.

चार पायऱ्या अशा : डावी बाजू, टोकाचा आडवा बंद, उजवी बाजू, दुसरा बंद. पहिल्या सहा नमुन्यांत डावी बाजू गच्च आणि उजवी विरळ. एका बाजूला मशीन कापड पुढे ढकलतं, दुसऱ्या बाजूला मागे, आणि दोन्हीकडे पावलाची लांबी सारखी पडत नाही. माझ्या मशीनला यासाठी छोटा स्क्रू आहे. पाव फेरा फिरवायचा होता, मी सवयीने अर्धा फिरवला, मग उजवी गच्च आणि डावी विरळ. पाव मागे आणला. नवव्या नमुन्याला दोन्ही बाजू जुळल्या. प्रत्येक नमुन्यावर पेनने आकडे लिहून ठेवले : टेन्शन, टाक्याची लांबी, स्क्रूची जागा. हे न लिहिता कुणी हे काम करू नये.

अकराव्या नमुन्याला मी समाधानी.

२० मार्च

सगळ्यात वाईट दिवस.

काजं मी डाव्या भागावर आखली होती, माझ्या शर्टाकडे बघून. हिने बघितलं म्हणून वाचलो. मुलींच्या कपड्याला काज उजव्या भागावर. खडू पुसला, उजवीकडे आखलं. आडवी काजं, म्हणजे ताण आला की बटण काजाच्या टोकाला टेकतं आणि कपडा सुटत नाही. वाचलेलं बरोबरच होतं.

सुरुवात गळ्याजवळच्या पहिल्या काजाने, आणि तीही कडेच्या बाजूने. दहा-बारा टाके पडले आणि कापड पुढे सरकायचं थांबलं. सुई तिथल्या तिथे वरखाली. मला आवाज बदललेला ऐकू आला, पण पाय उचलायला दोन सेकंद लागले. तेवढ्यात खाली दोऱ्याचं घरटं, आणि कापड सुईच्या पट्टीत खेचलं गेलेलं. पट्टीचे स्क्रू काढून, ब्लेडने एकेक दोरा कापून चाळीस मिनिटांनी कापड सोडवलं. खणाला तीन मिलिमीटरचं भोक.

कारण शोधायला वेळ लागला नाही, लाज वाटायला लागला. कडेला शिवणीचं कापड आत दुमडलेलं, वर खण, पेस्टिंग, अस्तर. तिथे जाडी जास्त. काजाचा फूट लांब असतो. त्याचा पुढचा भाग जाड कडेवर, मागचा पातळ भागावर, म्हणजे फूट तिरका, आणि कापड सरकवणारे खालचे दात कापडाला धड लागतच नव्हते. माझे अकराच्या अकरा नमुने सपाट तुकड्यावर होते. कडेसकट एकही नव्हता. टूलरूममध्ये कुणा पोराने असा ट्रायल घेतला असता तर मी त्याला दिवसभर ऐकवलं असतं.

ही काही बोलली नाही. चहा करून दिला.

२२ मार्च

कोपऱ्यावरच्या काज-बटणवाल्याकडे चौकशी केली. काजाला पाच रुपये. खण बघितला आणि म्हणाला, "काका, धागे सुटतील याचे, जबाबदारी तुमची." जबाबदारी माझीच असेल तर काजंही माझीच. परत आलो.

भोक झाकायचा उपाय हिचा. खणाच्या काठातून दोन पानं कापली, मागून पेस्टिंग, एक उजव्या भागावर भोकावर आणि दुसरं डाव्या भागावर समोरासमोर, कडेने मोरपंखी भरीव टाका. आता ते मुद्दाम केलेलं वाटतं. पानाच्या टोकाला झिगझॅगची रुंदी अडीचवरून एकवर हळूहळू आणली की टोक निमुळतं दिसतं. हे मला आधीच जमलं, काजापेक्षा सोपं आहे.

काजं आता उभी, मध्यरेषेवरच. उभ्या काजात फूट पट्टीच्या लांबीने जातो आणि जाडी सगळीकडे सारखी. लहान मुलीच्या सैल जॅकेटला तेवढा ताण येतच नाही. ज्याला आडवीच हवीत त्याने फुटाच्या पातळ बाजूखाली त्याच कापडाची घडी सरकवून फूट सपाट करावा. नमुन्यावर करून बघितलं, चाललं, पण पाचवेळा तेवढं धाडस माझ्यात उरलं नव्हतं.

२३ मार्च, रविवार

कडेसकट, सगळ्या थरांसकट तीन नवे नमुने. तिन्ही चांगले. मग जॅकेटवर.

पुढची उघडी लांबी ३२ सेंमी. पहिलं बटण गळ्याखाली दीड सेंमीवर, शेवटचं कडेच्या साडेचार वर, मधल्या २६ चे चार भाग, म्हणजे साडेसहा-साडेसहा. उभ्या काजात बटण काजाच्या मध्ये राहत नाही, वरच्या टोकाकडे बसतं, म्हणून काज बटणाच्या खुणेच्या ३ मिमी वरून सुरू करून खाली आखलं.

खाली बटर पेपर. प्रत्येक काज दोनदा शिवलं. पहिला फेरा जरा विरळ, दुसरा त्याच्याच वर गच्च. खणाचे धागे पहिल्या फेऱ्यात धरले जातात आणि दुसऱ्यात झाकले जातात. एकेरी काज कापल्यावर त्यातून मिशा बाहेर येतात, नमुन्यावर बघितल्या. मशीनवर एका काजाला चार मिनिटं.

खालून सुरुवात केली, म्हणजे चुकलंच तर सगळ्यात कमी दिसणाऱ्या जागी. गळ्याचं सगळ्यात शेवटी.

२४ मार्च

कापणं. नमुन्यावर रिपरने (शिवण उसवायच्या हत्याराने) कापताना टोकाला टाचणी लावली नव्हती, रिपर सरकला आणि टोकाचा बंद कापून अर्धा इंच पुढे गेला. टाचण्या आडव्या लावल्या तर थांबतो. पण मला रिपरचं ते ढकलणंच आवडत नाही. अर्ध्या इंचाची सुतारी पटाशी तेलाच्या दगडावर घासून धार लावली, खाली लाकडाचा ठोकळा, एका टोकाला पटाशी टेकवून हातोडीचा एक हलका ठोका, मग दुसऱ्या टोकाकडून. दोन ठोक्यांत २१ मिमी, धागा न ओढता. या सगळ्या उद्योगात टूलरूमचा उपयोग झाला तो एवढाच.

कापायच्या आधी उलट्या बाजूने काजाच्या मधल्या फटीत काडीने पातळ फेविकॉल लावून रात्रभर वाळू दिला होता. नेलपॉलिशही सुचवलं जातं. नमुन्यावर लावलं तर खणावर काळपट डाग उतरला.

२६ मार्च

बटणं हाताने. कडीची आहेत, मशीनवर लागत नाहीत. दुहेरी दोरा, अस्तराच्या बाजूने एक चपटं छोटं बटण आधाराला. चाळीस मिनिटं. यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही, बरं वाटलं.

हिने एका नमुन्यावर हाताने काज घालून दाखवलं. अठरा मिनिटं लागली, आणि माझ्या सगळ्या काजांपेक्षा चांगलं. "अहो, एवढ्या दिवसांत पाच केली असती मी," म्हणाली. बरोबर आहे.

खर्च : खण, अस्तर, पेस्टिंग, बटणं मिळून ४४०. सुया ५०, मोरपंखी दोऱ्याची तीन रिळं ६०, बटर पेपर घरातला. एकूण ५५०. वेळ लिहून ठेवला तो ३१ तास, त्यातले १९ चुकण्यात आणि उसवण्यात.

३० मार्च, पाडवा

घातलं. गुढीजवळ फोटो झाले. कंगोरे पुढे बरोबर एकावर एक आले, हे माझ्याशिवाय कुणी बघितलं नाही. नातीने विचारलं, पानं दोनच का, खाली का नाहीत? ही म्हणाली, "आजोबांना विचार."

सगळ्यात खालचं बटण तिने जेवायच्या आधीच सोडलं. मांडी घालून बसलं की ते ओढतं. शेवटचं काज साडेचारऐवजी आठ सेंमीवर हवं होतं.

१३ एप्रिल

पहिली धुलाई, हाताने, थंड पाण्यात. सातव्या खाचेचा ठिगळ टिकला, पण तेराव्यातून दोन धागे आले. तिथे मी कातर बरोबर दिली असं समजत होतो. फेविकॉल अर्थातच गेला. चार काजं ठीक. तिसरं, जे दिवसातून दहा वेळा उघडतं, त्याच्या डाव्या बाजूने धागे बाहेर. मशीनवर पुन्हा घातलं तर आधीचा टाका फुगतो, करून बघितलं, बटण अडकायला लागलं. तो फेरा उसवला.

जॅकेट हिच्या शिवणाच्या डब्यावर ठेवलंय. तिसऱ्या काजावर ती हाताने टाका घालणार आहे. मोरपंखी दोरा बाहेर काढून ठेवायला सांगितलाय, तेवढा ठेवलाय.